जुना कॉम्प्रेसर आणायला जाताना पिशवीत काय न्यावं

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला आणि वापरलेला आणायचा ठरवलं, तर घरातून निघताना पिशवीत एवढं घ्या: गाडीतून काढलेला तुमचा बिघडलेला कॉम्प्रेसर, त्याचा बेल्ट, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायला), मल्टिमीटर, टॉर्च, दोन-चार चिंध्या आणि एक पांढरी बशी. बशी कशाला ते पुढे येईल. यातलं बाकी काही विसरलात तर निभावून नेता येईल, पण बिघडलेला कॉम्प्रेसर हातात नसेल तर त्या दिवशी जुन्या पार्टच्या बाजारात जाऊच नका. नंबर न सांगता चष्मा आणायला गेल्यासारखं होतं. गाळेवाला तुमच्या गाडीचं नाव विचारतो, मागच्या ढिगातून काहीतरी ओढून काढतो आणि म्हणतो, "साहेब, आ ज लागे छे." (हाच लागतो.) लागतो की नाही हे चार दिवसांनी आणि दीड हजाराच्या गॅसनंतर कळतं.

मी मेकॅनिक नाही. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मशीन शॉपमध्ये नोकरी करतो, त्यामुळे व्हर्नियरची सवय आहे, एवढंच. आमच्या दहा-बारा वर्षांच्या हॅचबॅकसाठी मी दोनदा कॉम्प्रेसर आणला. पहिल्यांदा चुकीचा, दुसऱ्यांदा बरोबर. मधल्या काळात जे शिकलो ते इथं लिहितोय.

वापरलेला माल घ्यावा का, हा प्रश्न रास्त आहे. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर नवाच टाका. पण जुन्या गाडीत कंपनीचा नवा कॉम्प्रेसर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बडोद्यात आणखी एक कारण आहे. हलोलचा जनरल मोटर्सचा कारखाना १९९६ साली सुरू झाला आणि २०१७ मध्ये बंद पडला. त्याच वर्षाअखेर त्यांच्या शेवरले ब्रँडची भारतातली विक्रीही थांबली. त्या जागी आता एमजीच्या गाड्या बनतात. पण आपल्या पोळांमधून (जुन्या गल्ल्यांमधून), सोसायट्यांमधून अजून एखादी तवेरा, ऑप्ट्रा, क्रूझ उभी दिसतेच. विक्रीतून गेलेल्या मॉडेलांचे मालक जुन्या मालाकडे हौसेनं वळत नाहीत.

आधी खात्री: कॉम्प्रेसर खरंच गेलाय का

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाचतात. एसी थंड करत नाही आणि कॉम्प्रेसर गेला, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि कुणाला तरी आत बसवून एसी चालू-बंद करायला सांगा. कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला पुली असते आणि तिच्या तोंडावर एक चपटी चकती, तिला हब म्हणतात. पुली बेल्टबरोबर कायम फिरते. हब मात्र एसी लावल्यावर 'टक्' करून पुलीला चिकटतो आणि मग फिरायला लागतो. हा टक् आलाच नाही तर लगेच कॉम्प्रेसरला दोष देऊ नका. फ्यूज बघा. रिले बघा, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच आकाराचा असतो, तो क्षणभर अदलाबदल करून बघता येतो. गॅस कमी झाला असेल तर प्रेशर स्विच मुद्दाम करंट तोडतो, म्हणजे कॉम्प्रेसर कोरडा फिरू नये. ती बिघाडाची खूण नाही, संरक्षण आहे.

करंट येतोय पण हब ओढला जात नाही, तर मल्टिमीटरनं मॅग्नेट क्लचच्या (हबला पुलीकडे ओढणाऱ्या चुंबकाच्या) कॉइलचा ओहम मोजा. साधारण ३ ते ५ ओहम आला तर कॉइल ठीक. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली आहे, आणि कॉइल सुटी मिळते. हब आणि पुलीमधली फट जास्त झाली तरी क्लच ओढत नाही. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते, आणि हबखालच्या बारीक शिम (पातळ चकत्या) काढून ती पुन्हा जमवता येते. आमच्या शेजारच्या काकांना पूर्ण कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं होतं. दोष निघाला शिमचा. त्या दिवशी मला त्यांच्याकडून पुरणपोळी मिळाली.

गॅस आहे की नाही याचा ढोबळ अंदाज एसीवाल्याच्या दोन काट्यांच्या गेजवर (दाब मोजायच्या मीटरवर) येतो. गाडी रात्रभर बंद असेल आणि बाहेर ३० अंश असेल, तर आर-१३४ए गॅस असलेल्या गाडीत दोन्ही बाजूंचे काटे ९५ ते १०० पीएसआयच्या मध्ये थांबतात. पण त्यावरून गॅस पुरेसा आहे असं समजू नका. आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी काटा तेवढंच दाखवतो. काटा पन्नासवर असेल तर मात्र गॅस गळाला आहे हे नक्की, आणि आधी गळती शोधायची.

मग कॉम्प्रेसर गेला असं कधी म्हणायचं? हब हातानं फिरवायला गेलात आणि तो जॅम आहे. किंवा फिरतो, पण आत वाळू असल्यासारखा खरखरतो. किंवा गॅस पूर्ण आहे, क्लच चिकटतोय, इंजिन दीड-दोन हजारावर आहे, आणि तरी गेजचे दोन्ही काटे जवळजवळ सारखेच आहेत, म्हणजे पंप दाबतच नाहीये. यातही एक फसवी जागा आहे. काही गाड्यांत व्हेरिएबल कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे कमी-जास्त दाबणारा) असतो, त्याच्या पाठीमागे एक कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. तो अडकला तरी काटे असेच वागतात, आणि तोही सुटा मिळतो.

तो का मेला, हे विचारल्याशिवाय दुसरा आणू नका

कॉम्प्रेसर सहसा एकटा मरत नाही, कुणीतरी मारतं. रेडिएटरपुढचा कंडेन्सर (गॅस थंड करणारी जाळी) धुळीनं बुजला असेल किंवा त्याचा पंखा बंद असेल तर मागचा दाब वाढत जातो आणि उन्हाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये काळा घोडा सर्कलपासून स्टेशनपर्यंत जाता जाता कॉम्प्रेसर भाजून निघतो. गळतीतून गॅस जातो तसं त्याच्याबरोबर थोडं थोडं तेलही जातं. दर उन्हाळ्याला नुसता गॅस टाकून घेणाऱ्यांचे कॉम्प्रेसर तेलाविना घासून संपतात. पंखा न सुधारता आणलेला कॉम्प्रेसर पहिल्याच्याच वाटेनं जाणार.

आता बशी काढा. जुना कॉम्प्रेसर काढल्यावर तो उलटा करून त्यातलं तेल बशीत ओता. पांढऱ्या बशीत रंग दिसतो. तेल पारदर्शक किंवा किंचित पिवळट, हिरवट असेल तर बाकीची सिस्टीम स्वच्छ आहे. काळं, चिखलासारखं आणि बोटावर घेतल्यावर चंदेरी कण चमकणारं तेल निघालं, तर आतलं ॲल्युमिनियम खरवडलं गेलंय आणि ते कण पाइपांतून कंडेन्सरपर्यंत पोचलेत. आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्या धुऊन निघत नाहीत. अशा वेळी कॉम्प्रेसरच्या खर्चात कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायर (ओल शोषणारा भाग) यांचा खर्च धरूनच हिशेब करा. तो हिशेब परवडत नसेल तर कॉम्प्रेसरही आणू नका, कारण आणलेला चांगला पीस तेच कण खाऊन महिन्याभरात बसेल.

किती तेल निघालं तेही मोजून लिहून ठेवा. औषधाच्या बाटलीचं झाकण चालतं. हा आकडा शेवटी लागणार आहे.

पट्टीवरचा नंबर

कॉम्प्रेसरच्या अंगावर एक स्टिकर किंवा पत्र्याची पट्टी असते. डिझेलनं पुसून घ्या, फोटो काढा. डेन्सो कंपनीच्या पट्टीवर १०एस११सी, १०एस१५सी असं काहीतरी आणि ४४७ नं सुरू होणारा लांब नंबर असतो. सँडेन कंपनीच्या पट्टीवर एसडी५एच१४, एसडी७एच१५, एसडी७व्ही१६ असं दिसेल आणि सोबत एक चार आकडी मॉडेल नंबर. सँडेनची ही नावं वाचायला सोपी आहेत: पहिला आकडा पिस्टनांचा, शेवटचा आकडा क्षमतेचा. ५एच१४ म्हणजे पाच पिस्टन, १३८ सीसी. ७एच१५ म्हणजे सात पिस्टन, १५५ सीसी. मधे 'व्ही' आला की तो व्हेरिएबल.

पण 'सँडेन ७एच१५ आहे' एवढं कळून कॉम्प्रेसर जुळत नाही. एकाच बॉडीवर कंपनी वेगवेगळ्या गाड्यांसाठी वेगळी पुली, वेगळं मागचं झाकण, वेगळे कान (बोल्टच्या जागा) लावते. जुळणी त्या लांब नंबरानं किंवा चार आकडी मॉडेल नंबरानं होते. पट्टी वाचता येत नसेल तर गाडीचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत काउंटरवर जा आणि पार्ट नंबर विचारा. बहुतेक ठिकाणी सांगतात. नवा घ्यायचा भाव विचारायला गेलोय असं सांगितलं की काम होतं, आणि भावही कळतो.

माझी पहिली चूक इथलीच. गाडीचं नाव आणि साल सांगून आणला. गाळेवाला म्हणाला, "पेट्रोल-डीझल बधामां सरखुं." (सगळ्यांत सारखाच.) बॉडी सारखीच होती, कानही जुळले, पाइपही बसले. पुलीला मात्र एक खाच कमी होती आणि ती तीन मिलिमीटर पुढे होती. आमच्या फिटरनं बेल्ट चढवला, चालला. पावागडला निघालो, जरोद ओलांडलं आणि बॉनेटखालून जळक्या रबराचा वास. बेल्टच्या कडेचे धागे सुटले होते आणि आजूबाजूला काळी भुकटी. त्या गाडीत तोच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो, म्हणजे तो तुटला असता तर एसी राहू दे, इंजिनच उकळलं असतं. एसी बंद करून, चाळीसच्या वेगानं, तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून परत आलो. आईनं मागच्या सीटवरून दोन वेळा विचारलं, "महाकाळीचं दर्शन राहिलं म्हणायचं का?" राहिलं.

गाळ्यावर काय जुळवायचं

दोन्ही कॉम्प्रेसर शेजारी शेजारी ठेवा, पुली एकाच दिशेला. मग घाई न करता बघत जा.

पुलीवरच्या खाचा मोजा. बेल्टवर ४पीके, ५पीके, ६पीके असं छापलेलं असतं, तो खाचांचा आकडा. छपाई पुसली असेल तर रुंदी मोजा: चार खाचांचा बेल्ट साधारण १४ मिलिमीटर, पाचचा १८, सहाचा २१. पुलीचा व्यासही मोजा. समजा तुमची पुली १२० मिलिमीटरची आणि समोरची ११० ची, तर तोच कॉम्प्रेसर नऊ टक्के जास्त वेगानं फिरेल आणि बेल्टही ढिला पडेल.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय: कानापासून पुलीच्या पहिल्या खाचेपर्यंतचं अंतर. व्हर्नियरच्या मागची दांडी बाहेर काढून हे मोजता येतं. दोन्ही कॉम्प्रेसरवर हे माप सारखं यायला हवं; एक-दीड मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पीस तसाच बसवू नका. गाळेवाला "बेल्ट एडजस्ट थई जशे" म्हणेल. बेल्टचा ताण ॲडजस्ट होतो, रेषा होत नाही.

मग कान. किती आहेत, भोकं आरपार आहेत की आट्यांची, आणि दोन कानांमधलं अंतर. डोळ्यांनी सारखे दिसतात, मोजल्यावर दोन मिलिमीटर निघतात. कानाला तडा गेलाय का, वेल्डिंग केलंय का, ते टॉर्चनं बघा. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग थरथरीत सुटतं. तसा पीस हातात धरू नका.

मागच्या झाकणावर दोन पाइपांच्या जागा असतात. मोठं भोक सक्शनचं (गॅस आत येण्याचं), लहान डिस्चार्जचं (बाहेर जाण्याचं). त्यांचा व्यास आणि विशेषतः तोंड कुठल्या दिशेला आहे ते जुळवा. झाकण तीस अंश फिरलेलं असेल तर तुमचा पाइप तिथं पोचणार नाही, आणि ॲल्युमिनियमचा पाइप वाकवायला गेलं की तो चेपतो.

वायर आणि कनेक्टर. साध्या क्लचला एक किंवा दोन पिना. तिसरी-चौथी वायर दिसली तर ती सेन्सरची किंवा कंट्रोल व्हॉल्व्हची. काही व्हेरिएबल कॉम्प्रेसरना क्लचच नसतो, हब कायम पुलीबरोबर फिरतो. क्लचवाल्या गाडीत तो बसवला, किंवा उलट केलं, तर गाडीच्या कॉम्प्युटरला तो कळतच नाही. वायर कापून जोडू म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या गाळ्यावर जा.

गॅसचा प्रकार बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो: आर-१३४ए किंवा नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ. त्यावरून आणि कॉम्प्रेसरच्या मॉडेलवरून तेल ठरतं, पीएजी ४६, पीएजी १०० वगैरे. कॉम्प्रेसर कुठल्या गाडीतून निघालाय हे कळलं तर त्याची पूर्वीची तेलाची जातही कळते.

आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल, कॉम्प्रेसरला जाड नारिंगी वायर येत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथं कॉम्प्रेसरमध्येच हाय व्होल्टेजची मोटर असते आणि तेलही विजेला रोखणारं, वेगळं लागतं. चुकीच्या तेलाचे काही थेंबसुद्धा तिथं महागात पडतात. भंगारातला पीस अशा गाडीत घालू नये असं माझं ठाम मत आहे.

माल कुठला

बाजारात तीन-चार प्रकारचा माल एकत्र ठेवलेला असतो आणि सगळ्याला 'जुना' म्हणतात. कटिंगचा माल म्हणजे अपघातात गेलेल्या किंवा मोडीत काढलेल्या गाडीतून उतरवलेला. रिकंडिशन म्हणजे उघडून सील, बेअरिंग बदललेला. परदेशातून कंटेनरनं आलेला माल 'इम्पोर्टेड' या रुबाबदार नावानं विकतात. आणि नव्या डब्यातली नक्कल, जी जुन्या ओरिजिनलपेक्षा स्वस्त असते आणि म्हणून मोह पडतो. मी या चारांत कटिंगचा ओरिजिनल पसंत करतो. रंग मारून चमकवलेला रिकंडिशन पीस आत काय आहे ते लपवतो. धुळीनं माखलेला, पण भोकांना रबरी बूच लावलेला कटिंगचा पीस जास्त खरं बोलतो.

बुचाचं महत्त्व साधं आहे. पीएजी तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. उघड्या भोकांनी पावसाळाभर गाळ्यावर पडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये ओल गेलेली असते आणि आतून गंज धरायला लागतो.

बडोद्यात आधी फोनवर विचारा, मग गाडी काढा. हायवेच्या चोकड्यांवर (चौकांत) ज्यांचं रोजचं काम चालतं ते एसीवाले आणि फिटर यांना माल कुणाकडे उतरलाय ते आपल्यापेक्षा लवकर कळतं. इथं नाहीच मिळाला तर दुकानदार मुंबईत कुर्ल्याहून किंवा दिल्लीत मायापुरीहून पार्सलनं मागवतात. मागवताना स्वतःच्या कॉम्प्रेसरचे चार फोटो पाठवा: पट्टी, पुली समोरून, पुली बाजूनं, मागचं झाकण. आणि समोरून तेच चार फोटो मागा, त्याच कोनातून.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनंतर नोंदणीकृत वाहन स्क्रॅप केंद्रं उभी राहिली आहेत. तिथून पार्ट मिळाला तर उत्तम, कारण गाडी कुणाची होती याचा कागद असतो. गाळ्यावरून घेतानाही बिल मागाच. चोरीचा माल असल्याचं माहीत असून किंवा तसं वाटण्यासारखं कारण असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालचा गुन्हा आहे, आणि भावापेक्षा फारच स्वस्त मिळतंय ही गोष्ट पुढे आपल्याच विरुद्ध बोलते.

हातातली परीक्षा

जुळणारा पीस सापडला. आता तो जिवंत आहे का?

हब हातानं फिरवा. पुली नाही, हब. पुली तर मेलेल्या कॉम्प्रेसरवरही फिरते. चांगल्या कॉम्प्रेसरचा हब एकसारख्या, मऊ अडथळ्यानं फिरतो. कुठं अडकू नये, खरखर येऊ नये, आणि अगदी सैल भिंगरीसारखाही फिरू नये. दहा-बारा पूर्ण चकरा द्या. मग डिस्चार्जच्या लहान भोकावर अंगठा दाबून पुन्हा फिरवा. साध्या कॉम्प्रेसरमध्ये अंगठ्याला दाब जाणवतो, कधी कधी 'फुस्स' होऊन तेलाचा शिंतोडा उडतो. शर्ट जपा. व्हेरिएबल कॉम्प्रेसर मात्र रिकामा असताना जवळजवळ शून्य स्ट्रोकवर बसलेला असतो (पिस्टन फारसे हलतच नाहीत), त्यामुळे त्याचा दाब लागत नाही. त्यावरून तो नापास करू नका.

आता पुली सुटी फिरवून कान जवळ न्या. गुळगुळीत सरसर असेल तर बेअरिंग ठीक. खडी दळल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग गेलं. ते बदलता येतं, तेवढे पैसे भावातून कापा. पुली वरखाली हलवून बघा, खेळ नको.

हबच्या मागच्या फटीत टॉर्च मारा. तिथं तेलकट चिकट धूळ बसलेली असेल तर शाफ्टचं सील गळतंय. हा दोष मी सगळ्यात वाईट धरतो, कारण तो गॅस भरल्यावरच पूर्ण दिसतो. निळसर किंवा तपकिरी पडलेला हब म्हणजे क्लच सरकून तापलेला. कॉइलचा ओहम मोजा, मग दुकानदाराच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला लावून टक् ऐका.

शेवटी पुन्हा बशी. "काका, थोडं तेल काढून बघू का?" असं विचारा. जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. मी दुसरा कॉम्प्रेसर घेतला त्या गाळ्यावरच्या वयस्कर माणसानं स्वतःच बशी ओढून घेतली, तेल ओतलं, बोटावर चोळून उन्हात धरलं आणि म्हणाला, "जुओ, सोना जेवुं." सोनं कसलं, पण कण एकही नव्हता.

भाव आणि वॉरंटी

भावाचा आकडा इथं देत नाही, गाडीगणिक आणि महिन्यागणिक बदलतो. एप्रिल-मेमध्ये तोच पीस चढतो आणि डिसेंबरात उतरतो. माझा नियम असा: कंपनीच्या नव्याच्या एक तृतीयांशापर्यंत आनंदानं, निम्म्यापर्यंत खूप विचार करून, त्यावर नाही. कारण वर ड्रायर, ओ-रिंगा, तेल, गॅस आणि मजुरी आहेच.

या धंद्यात 'चेकिंग वॉरंटी' देतात, सात दिवस, पंधरा दिवस. ती कशापासून मोजायची हे आधी ठरवा. तुमचा फिटर गावाला गेला तर सात दिवस पिशवीतच संपतात, म्हणून 'फिटिंगपासून' असं बिलावर लिहून घ्या. न चालल्यास पैसे परत की बदली, तेही लिहा. मजुरी आणि गॅसचे पैसे कुणीच परत देत नाही, ते गृहीत धरा. पीसचा नंबर बिलावर टाका आणि त्याच्या अंगावर दुकानदाराची रंगाची खूण असेल तिचा फोटो काढा. नाहीतर परत नेल्यावर 'हा आमचा नाहीच' हे ऐकायची तयारी ठेवा.

बसवताना समोर उभे राहा

फिटरला राग येईल, येऊ दे. चहा पाजा.

ड्रायर नवा, ओ-रिंगा (पाइपांच्या जोडांतल्या रबरी कड्या) नव्या. हे दोन्ही न बदलणाऱ्यानं कॉम्प्रेसर बसवूच नये. आणलेल्या कॉम्प्रेसरमधलं सगळं जुनं तेल काढून टाका आणि नवं, बरोबर जातीचं तेल मोजून घाला. किती? तुमच्या जुन्यातून जितकं निघालं होतं तितकं, अधिक नव्या ड्रायरसाठी थोडं, साधारण दहा मिली. गळतीमुळे जुन्यातून फारच कमी निघालं असेल तर सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा घ्या. 'जास्त तेल बरं' हा समज चुकीचा आहे. जादा तेल कूलिंग कॉइलमध्ये साचतं आणि थंडावा कमी करतं. तेल घातल्यावर बेल्ट चढवायच्या आधी हब हातानं दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे पिस्टनवर साचलेलं तेल बाजूला होतं आणि पहिल्याच सुरुवातीला व्हॉल्व्हच्या पत्त्या मोडत नाहीत.

व्हॅक्यूम (पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढणं) किमान अर्धा तास, पावसाळ्यात पाऊण. आपल्याकडे काही जण फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरनं पाच मिनिटं ओढून काम उरकतात. त्यानं हवा जाते, ओल जात नाही. ३० अंशाला आतलं पाणी उकळून बाहेर पडायला दाब ४२ मिलिबारच्याही खाली जावा लागतो आणि तिथं काही वेळ टिकावा लागतो. व्हॅक्यूम झाल्यावर कॉक बंद करून पंधरा मिनिटं काटा बघा. तो वर सरकला तर गळती आहे, गॅस भरू देऊ नका.

गॅस वजनावर भरायचा, काट्यावर अंदाजानं नाही. बॉनेटखालच्या पट्टीवर ग्रॅम लिहिलेले असतात. गॅसचा डबा वजनकाट्यावर ठेवून भरणारा एसीवाला मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा. सुरुवातीची पाच मिनिटं इंजिन आयडलवरच ठेवा, पंखा फिरतोय ना बघा, मग बेल्टच्या रेषेकडे समोरून एकदा डोळा लावा. तीन मिलिमीटर तिथूनही दिसतात.

बिघडलेला कॉम्प्रेसर लगेच भंगारवाल्याला देऊ नका. वॉरंटीचे दिवस संपेपर्यंत तरी घरात असू दे. त्याची पुली, हब आणि कॉइल चालू असेल तर काढून ठेवा. माझ्या पहिल्या चुकीच्या खरेदीतून मार्ग निघाला असता तो असाच: दोन्हींची बॉडी आणि शाफ्ट एकच होता, माझ्या जुन्याचीच पुली आणि क्लच चढवला असता तर खाचाही जुळल्या असत्या आणि रेषाही. पण तोवर मी माझा जुना किलोवर विकून त्या पैशाचा शेव-उसळ खाल्ला होता.